बसलेली कमान

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे साफ नव्हता. ओटीवर कोणी चकव्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून गोठ्यात जायचो. हे मासिकही मी घेतो ते शेतीच्या सदरासाठी... असल्या अनुभवांचं पान आलं की आमच्या घरी ते मोठ्याने वाचून हसायची पद्धत होती. आज त्याच पानासाठी लिहितोय. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, माझी ना नाही.

मी बोर्ली पंचतनचा. आगरदांड्याहून माणसं होडीने खाडी ओलांडून दिघीला उतरतात. ती माणसं आणि बंदरावरचा माल बोर्लीला आणायचा, हा माझा धंदा. लॉरी एकच, जुनी, पण स्वतःची. मागे माल आणि माणसं एकत्रच. नारळाच्या पोत्यावर भटजी आणि भटजींच्या मांडीला लागून सुक्या बोंबलांची टोपली – रोज तक्रारी, आणि मी काही ऐकून घेणारा माणूस नाही. निघताना एकच हाक – "बसा हो, बसा, निघतोय!" आणि बोर्लीच्या बाजारात पोचलं की "उतरा हो!" कोणी अर्धवट चढलेला असताना गाडी हलली तर हातपाय मोडायचे, म्हणून ती सवयच लागून गेली होती.

मागे वळून बघायची मला कधी गरज पडली नाही. माणूस चढला की मागची कमान कर्र करायची आणि गाडी किंचित खाली बसायची. पोर चढलं की बाप्या, डावीकडून चढला की उजवीकडून, हे सीटवर बसल्या बसल्या कळायचं. आमच्या मंडळी चेष्टेने म्हणायच्या, "यांना डोळे नकोत, यांना बूड पुरतं."

ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना लांब पोलादी पाटे एकावर एक रचून मधोमध बोल्टने आवळलेले असतात. तीच कमान. सगळ्यांत लांब पाटा वर, त्याच्यावर सगळी भिस्त. माझ्या गाडीचा डावीकडचा नेमका तोच पाटा मोडला.

आता करायचं काय? नवी कमान मुंबईहून मागवायची तर पावसाळा तोंडावर आलेला, बोटी कधी बंद होतील त्याचा नेम नाही. गावच्या लोहाराकडून तोच पाटा तापवून सांधून घ्यायचा तर तो पहिल्याच चढावर पुन्हा दगा देणार. तिसरा रस्ता दाखवला इस्माईल फिटरने. हा दिघीचा, मुंबईच्या एका गॅरेजात काम करून आलेला, आणि आयुष्यात आपण कधी चुकलो नाही अशी त्याची खात्री. त्याच्या छपरामागे एका मोडक्या लॉरीचं सामान पडलं होतं. त्यातली कमान धड होती.

ती लॉरी कुठली, हे दिघीत सगळ्यांना माहीत होतं. दिघीहून चढ चढून आलं की वावळ्याच्या झाडाखाली एक वळण आहे, तिथे झरा आहे. चढाने इंजिन तापतं म्हणून सगळ्या गाड्या तिथे थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालतात. ती लॉरी पाणी घालून निघाली आणि मागे घसरत दरीत गेली. माणसं दगावली. त्यात आगरदांड्याची एक बाई होती, बोर्लीला दिलेल्या लेकीला माहेरपणाला आणायला निघालेली.

"ती कमान नको हो," मंडळी म्हणाल्या. "मुंबईची येईपर्यंत थांबा. काही उपाशी मरत नाही आपण."

मी म्हटलं, "लोखंडाला काय सुतक असतं?"

इस्माईलने तर माझ्यावर ताण केली. "नवा पाटा कडक असतो दादा, रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करील. हे मुरलेलं पोलाद हाय. डोळे मिटून घे." आणि त्याने त्या कमानीचा लांब पाटा काढून माझ्या बाकीच्या पाट्यांवर चढवला.

पहिल्याच फेरीला दिघीहून माणसं मिळाली नाहीत, नुसती तांदळाची पोती होती. वळणावर थांबलो, पाणी घातलं, सीटवर बसलो आणि मागे कोणी नाही हे ठाऊक असूनही सवयीने ओरडलो – "बसा हो, बसा, निघतोय!"

कर्र... गाडी डावीकडे बसली. पुन्हा कर्र. मग पुन्हा. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खाली उतरून बघितलं, पोती जागच्या जागी होती. बोर्लीत आल्यावर "उतरा हो" म्हटलं आणि गाडी हलकी हलकी होत वर आली. समोरचा पानवाला मला म्हणाला, "काय हो, रिकामी गाडी डुलते कशी?"

इस्माईलला सांगितलं तर हा हसतोय. "अरे, जोडाला बसायला वेळ लागतो. कमान बसतेय. एकदा बसली की आवाज बंद."

बसतेय... खरंच बसत होतं कोणीतरी. मी एकदा मुद्दाम वळणावर हाक मारली नाही, तर काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मारली, तर गाडी खाली गेली. मग इस्माईललाच शेजारी बसवून नेला. वळणावर हाक दिली. पहिला कर्र झाला तेव्हा तो मागे बघायला वळला, दुसऱ्याला पुढे बघू लागला. बोर्ली येईपर्यंत त्याचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होता. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "मुंबईला तार कर. मिळेल ती कमान मागव. आणि तोवर तिथे तोंड उघडू नकोस."

मी तार केली. तोंडही मिटून घेतलं. वळणावर पाणी घालायचं आणि गुपचूप निघायचं. एखादा उतारू म्हणायचा, "आज हाक नाय का?" मी खेकसायचो, "बसलायस ना? मग?"

आमची शकू तेव्हा सहा वर्षांची. एकुलती एक, नवसाची. आगरदांड्याला मामाकडे गेली होती. मामाने तिला ओळखीच्या होडीत बसवून दिघीला पाठवलं आणि मी लॉरीत घेतली. पुढे ये म्हटलं तर ऐकेना. तिला मागेच बसायचं होतं, पोत्यांवर, मागे पळणारा रस्ता बघत. दुपारची वेळ, दुसरं कोणी उतारू नाही. बस म्हटलं बाई.

वळणावर थांबलो. पाणी घातलं. एक शब्द बोललो नाही. सीटवर चढलो, गाडी गिअरमध्ये घातली, आणि मागून शकूचा बारीक आवाज आला, अगदी माझ्या चालीवर –

"बसा हो, बसा, निघतोय!"

कर्र... कर्र... एकामागून एक. इतकी माणसं चढलेली मला आधी कधीच जाणवली नव्हती. मडगार्ड चाकाला घासायला लागलं. उतरून तिला पुढे घ्यावं हे त्या क्षणी सुचायला हवं होतं, पण सुचलं ते एकच, की इथून निघायचं. मागे दरी होती. मी गाडी दामटली.

मागे शकू बोलत होती. "इथे बसा ना मावशी, जागा हाय." मग हसली. मी ओरडलो, "शकू, कोणाशी बोलतेस?" ती म्हणाली, "मावशीशी. बाबा, मावशी विचारते, तू कोणाची लेक? मी सांगितलं, तुमची."

बोर्लीची पहिली घरं दिसली तशी ती पुन्हा म्हणाली, "बाबा, थांबवा ना. मावशी म्हणते, आपण दोघी इथेच उतरू."

मी थांबलो नाही. देवाची शपथ घेऊन सांगतो, आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो आणि पुढेही कधी घाबरलो नाही. थेट भर बाजारात गाडी घातली, उडी टाकली, शकूला उचलून छातीशी धरली आणि मग ओरडलो, "उतरा हो, सगळे उतरा!" गाडी कर्र कर्र करत वर आली. पार वर आली. पानवाल्याने दुकानाची फळी ओढून घेतली.

माझ्या जिवात जीव आला. सुटलो, असं वाटलं. शकूला कडेवर घेऊन तसाच घरी गेलो. मंडळी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, पदर सावरला आणि आपल्याकडे कोणालाही म्हणतात तसंच सहज म्हणाल्या, "या, बसा."

ओटीवरच्या झोपाळ्याची कडी कर्र वाजली.

"कोणाला म्हणालीस?" मी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, तुमच्या मागे बाई होत्या ना... शकूचा पाय धरून चालत होत्या."

पुढे मुंबईची कमान आली. जुना पाटा मी दिघीला खाडीत टाकला. लॉरीचा त्रास त्या दिवशी संपला तो संपलाच, वळणावर कितीही हाका मारा. पण झोपाळा रिकामा असला तरी एका बाजूला कललेला असतो. कड्या बदलल्या, फळी बदलली. भटजी झाले, इस्माईलने आणलेले मौलवी झाले. "उठा" म्हणून झालं, हात जोडून झालं. आमच्या घरात तेव्हापासून आल्यागेल्याला कोणी "बसा" म्हणत नाही. लोक उभेच्या उभे राहतात, आम्हाला माणुसघाणे म्हणतात. म्हणोत बापडे.

शकूला मात्र कधी भीती वाटली नाही. झोपाळ्यावर ती एका कडेला बसते, दुसरी बाजू सोडून. मी ओरडून पाहिलं, रडून पाहिलं. ती तिथेच बसते.

आता ती सतरा वर्षांची झाली. लग्न ठरलंय. माणसं चांगली आहेत, मुलगा शिकलेला आहे. घर खाडीपलीकडे, आगरदांड्याला. दुसरी स्थळं मी पाहिली नाहीत असं नाही, पण एकही जमलं नाही आणि हे पहिल्या बैठकीत जमलं. वाटेत ते वळण आहेच. मंडळींनी आठ दिवस धड अन्न घेतलेलं नाही.

हे काय आहे, मला माहीत नाही. तेव्हा कळलं नव्हतं, आजही कळलेलं नाही. लोखंडाला सुतक नसतं, हे मी अजून म्हणतो. वाचकांपैकी कोणाला काही ठाऊक असेल तर लग्नाआधी कळवावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं.

काल संध्याकाळी वऱ्हाडाच्या गाडीत कोणी कुठे बसायचं ते ठरवत होतो. शकू झोपाळ्यावर होती. म्हणाली, "बाबा, पुढे आम्हा दोघींना जागा ठेवा. ती म्हणते, आता लेकीला घेऊन घरी जायचंय."

मी ठेवतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?