हळदीच्या वाटीखालची किल्ली

माझ्या कारखान्याची किल्ली माझ्याकडे नसते. ती बायकोच्या मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली असते. कारखाना हा शब्दही तसा मोठाच झाला. तळोद्यातल्या आमच्या घरामागे पूर्वी गाय बांधायचो, त्या गोठ्यात मी गिटारी बनवतो, एवढंच. सकाळी शाळेत मराठी शिकवतो आणि दुपारी सागवानाच्या फळ्या कानाशी धरून त्यांना टिचक्या मारत बसतो. शेजारीपाजारी म्हणतात, सर जरा तसेच आहेत. मी कधी वाद घातला नाही.

जाड फळी टिचकी मारली की नुसती ठक म्हणते. तिच्यावर रंधा मारत मारत ती पातळ करत नेली की एका क्षणी त्या ठकला शेपूट फुटतं, आवाज लांबतो, आणि मी त्याच्या मागे निघून जातो. कुठे जातो ते नीट सांगता येत नाही. कधी लहानपणीच्या त्या निंबाखाली, जिथे आबा बैलगाडीचं चाक घडवत आणि मी भुशात पाय खुपसून बसलेला असे. कधी एखाद्या नदीच्या वाळूत, जी नदी मी कधी पाहिलेली नाही. कधी नुसत्या उजेडातच. छपरातल्या काचेच्या कौलातून दुपारी तिरपा उजेड येतो, त्यात लाकडाची पूड तरंगत असते, आणि मला वाटतं आपणही त्यातलेच. परत येतो तेव्हा शेजारी ठेवलेला चहा गार झालेला असतो.

आबा, म्हणजे माझे वडील, सुतार होते. दारं, खिडक्या, औतं, गाड्या असं सगळं आयुष्यभर हातानेच केलं आणि जाताना दहाच्या दहा बोटं शाबूत घेऊन गेले. याचं श्रेय ते अमावस्येला देत. अमावस्येला आमच्या घरात कुणी हत्यार धरत नसे. पटाशी, करवत, वाकस, सगळं धुऊनपुसून भिंतीशी ओळीने निजवलेलं असे, आणि गिऱ्हाईक कितीही घाईचं असलं तरी आबा ओट्यावर बसून नुसता तंबाखू मळत. मी लहानपणी विचारलं होतं, का म्हणून. ते म्हणाले, "हत्यारले डोया नही ऱ्हातस. आपलाच उघडा ठेवना पडतस. त्या दिनले ध्यान ठिकानावर नही ऱ्हास." हत्याराला डोळे नसतात, आपलेच उघडे ठेवावे लागतात, हे ऐकून मला तेव्हा वाटलं, सुट्टीसाठी म्हाताऱ्याने काढलेली पळवाट आहे. मला सुतारकी शिकायची नव्हती, मी शिकलोही नाही. पुस्तकं वाचली, मास्तर झालो.

पण रक्त कुठे जातं? आमच्या शाळेत चिंचपाड्याकडचे एक शिक्षक बदलून आले. रविवारी ते गावच्या प्रार्थनेत गिटार वाजवायचे. एका पावसाळ्यात त्यांची गिटार फुगली, पोट उकललं, आणि ती पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "तुम्ही सुताराचे ना सर, बघा काही होतं का." मी उकललेल्या फटीतून आत पाहिलं. आत बारीक बारीक पट्ट्या होत्या, पाखराच्या हाडांसारख्या, आणि मधे सगळी पोकळी. इतकं लाकूड आणि मुख्य काम त्या पोकळीचं. मी बसलो तो बसलोच. गिटार दुरुस्त झाली, आणि मला वेड लागलं.

मी स्वतः केलेली पहिली गिटार कंपासपेटीसारखी वाजली. दुसरी जरा बरी. मग मी घिसाडघाई केली: जुनं कटर मशीन विकत घेतलं, गोठ्यातल्या एका बल्बच्या वायरीला वायर जोडली आणि गळ्यात उपरणं, पायात स्लिपर अशा थाटात कामाला लागलो. आबांनी पाहिलं असतं तर तंबाखू थुंकून उठून गेले असते.

त्या मशीनच्या पात्याचा एक सूर होता. लाकूड आत गेलं की तो जरा उतरायचा. एका दुपारी मी पट्टी पुढे सरकवताना त्या सुरात सूर मिसळून गुणगुणायला लागलो. चांगला मिसळला होता. इतका चांगला की पट्टी संपली आणि हात पुढेच जात राहिला, ते मला कळलंच नाही. डाव्या हाताचं मधलं बोट. हाडापर्यंत. टाके पडले, बोट राहिलं, पण त्याच्या शेंड्याला आजही तार दाबलेली कळत नाही.

दवाखान्यातून आल्यावर बायकोने आधी भुशावरचं रक्त राखेने झाकलं, मग मला जेवायला वाढलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "आखो एक थेंब रगत दिसनं, का मशीन भंगारमा." ती ब्राह्मणपुरीची, शेतकऱ्याची मुलगी. बोललं की करते. मशीन गेलं तर गिटार गेली, हे मला ठाऊक होतं. मी तिची पुष्कळ मनधरणी केली. शेवटी ती म्हणाली, ठेवा, पण मी सांगेन तसं.

मग कारखाना खरा झाला, आणि तो तिने केला. वायरमनला बोलावून गोठ्याला वेगळी वायर ओढून घेतली. अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केलं. उन्हाळ्यात तिथे रोज पाणी घालावं लागतं असं वायरमन म्हणाला, तर ती आधी तुळशीला घालते आणि उरलेलं तिथे. उपरणं खुंटीवर गेलं, पायात बूट आले, नाकावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. जमीन लिंपायची सोडून फरशी घातली, म्हणजे भुसा साठला तर दिसतो. पॉलिशचे डबे बाहेर पत्र्याच्या पेटीत, चुलीपासून लांब. लाकूड पुढे ढकलायला मी बाभळीची एक काठी केली, म्हणजे पात्याजवळ हात न्यायला नको. मशीन बंद करायचं लाल बटण गुडघ्याशी बसवलं, कारण हात गुंतलेले असले तरी गुडघा मोकळा असतो. हे मात्र माझं डोकं.

पण ती म्हणाली, हे सगळं झालं लाकडाचं आणि विजेचं, तुमचं काय? आणि तिने मशीनच्या मेन स्विचला लोखंडी पेटी बसवून कुलूप लावलं. किल्ली गेली हळदीच्या वाटीखाली.

पद्धत अशी ठरली. किल्ली हवी असली की मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. ती माझ्याकडे बघणार आणि विचारणार, "आज भाजी कसानी व्हती?" पटकन सांगता आलं तर किल्ली. घुटमळलो तर ती वाटी होती तिथे ठेवायची आणि म्हणायची, "आज तुम्हनी अमावस शे." त्या दिवशी फक्त पॉलिश पेपर घासायचा, हत्यार नाही. पंचांगात अमावस्या महिन्यातून एकदा येते. माझ्या त्या आठवड्यातून तीन तीन यायला लागल्या.

मी शिक्षक असूनही सांगतो, मी कॉप्या केल्या. जेवल्यावर हात धुताना मेथी, मेथी, मेथी असं घोकत दाराशी जायचो. दोन आठवडे खपलं. मग एक दिवस तिने विचारलं, "ताटमा लिंबू व्हतं का?" आणि मी पुरता सापडलो. तेव्हापासून प्रश्न कोणता येईल याचा नेम नाही, भाजीचाच येतो असंही नाही. मी चिडायचो. पन्नाशीच्या माणसाने बायकोकडे परीक्षा द्यायची म्हणजे काय? पण सहा वर्षांत गोठ्यात रक्ताचा एक थेंब सांडला नाही, हेही खरं.

गेल्या डिसेंबरात त्याच चिंचपाड्याकडच्या शिक्षकांची नवी गिटार चालली होती. नाताळच्या प्रार्थनेत वाजवायची म्हणून त्यांनी सांगितली होती, आणि मी होय म्हटलं होतं. पोट तयार होतं. आयुष्यात माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला आवाज त्या पोटात होता. फक्त मान कापायची राहिली होती, शिसवाची, एकच लांब काप. शनिवारची सकाळची शाळा करून आलो, जेवलो आणि दारात जाऊन उभा राहिलो.

तिने डबा उघडला, वाटी उचलली, पिवळी झालेली किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि ओट्याकडे वळली.

प्रश्न आला नाही. खरं सांगतो, मी दोन पावलं टाकली गोठ्याकडे. आयती किल्ली मिळाली होती. मग थांबलो. परीक्षा न होता पास झाल्यावर मास्तरला चैन पडत नाही, म्हणून असेल. मी परत दारात आलो आणि मीच विचारलं, "आज भाजी कसानी व्हती?"

"वांगानी," ती न वळता म्हणाली.

गवारीची होती. तिनेच केली होती. कढई अजून ओट्यावर होती, तळाला दोन शेंगा चिकटलेल्या.

मी जवळ गेलो. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा ताजा लाल पट्टा होता, तव्याच्या कडेचा. त्याच्यावर एक जुना, तपकिरी. त्याच्यावर आणखी एक, फिकट. मी गोठ्यातल्या प्रत्येक खिळ्याची जागा सांगू शकलो असतो. हे डाग मी पहिल्यांदा पाहत होतो.

"काय व्हयनं?"

"काहीच नही." मग कढईला चिकटलेल्या शेंगा खरवडत म्हणाली, "सकायले मायले फोन कया. इचारं, माय, काय खादं? ती बोलनी, तू कोन बोली ऱ्हायनी?"

तिची आई ब्राह्मणपुरीला असते, तिच्या भावाकडे. वर्षभरापासून विसरत चालली होती. दिवस विसरली, शेजारणींना विसरली, पण लेकीचा आवाज आजवर विसरली नव्हती. बायको सकाळी हे ऐकून फोन ठेवून स्वयंपाकाला लागली होती, पोळ्या लाटल्या होत्या, मला वाढलं होतं, आणि मी समोर बसून शिसवाच्या मानेचा विचार करत जेवलो होतो. मला माझी लाज वाटली. सहा वर्षं ती रोज मला विचारत होती की तुम्ही इथे आहात का. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या घरात आग, उकळतं तेल आणि सुऱ्या असलेला दुसरा कारखाना होता, आणि त्याला कुलूप नव्हतं.

मी किल्ली परत वाटीखाली ठेवली. "आज अमावस."

"तुम्हनी?"

"तुन्ही."

ती तिथेच फरशीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. मी गॅसचा लायटर खिशात घातला आणि तिच्या मनगटावर गार पाण्याची धार धरून बसलो. मग मी त्या शिक्षकांना फोन करून सासूबाईंचं सांगितलं आणि म्हटलं, नाताळला गिटार व्हायची नाही. ते हसले. म्हणाले, "नाताळ पुढच्या वर्षीही येतो सर. आईंना भेटून या."

आम्ही मोटारसायकलने ब्राह्मणपुरीला निघालो. थंडीचं ऊन होतं, रस्त्याकडेला पपईच्या बागा, आणि समोरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या डुलत येत होत्या. गाडीचा एकसुरी आवाज चालला होता. मी नकळत त्यात सूर मिसळायला लागलो होतो.

पाठीत बोट टोचलं. "भाजी कसानी व्हती?"

"गवारनी," मी म्हणालो. आणि ते म्हणताना तिची चव जिभेवर परत आली. "मीठ नव्हतं तिले."

ती म्हणाली, "तवय बोलनात कसाले नही?"

जिभेला कळलं होतं, मला कळलं नव्हतं. एक ट्रॉली गेली, तिच्यामागे दुसरी. रस्ता मोकळा झाल्यावर मी म्हणालो, "आते मी इचारस. तू सांग. आज भाजी कसानी व्हती?"

तिने माझ्या पाठीला कपाळ टेकवलं.

"गवारनी," ती म्हणाली. "बिगर मीठनी."