सही माझीच आहे

या ग्रुपवर मी दोन-तीन वर्षं नुसती वाचत आले, लिहितेय आज पहिल्यांदा. मी चाकूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत गणित शिकवते. घर बौद्ध. भूत, भानामती, अंगात येणं असलं काही अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या घरात कधी बोलूसुद्धा दिलं नाही. पुढचं मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी सरळ म्हणाले असते, बाई, तुम्हाला आरामाची गरज आहे.

मागच्या वर्षी अण्णा नांदेडला एका खासगी दवाखान्यात आयसीयूत होते. एकोणीस दिवस. बाहेरच्या बाकावर मी आणि वहिनी. दादा नोकरीमुळे लातूरहून येऊन-जाऊन. शेवटचे चार दिवस डॉक्टरांचा एकच प्रश्न – श्वास आणखी अडला तर व्हेंटिलेटर लावायचा की नाही, काय ते लिहून द्या. दादा फोनवर म्हणायचा, "शोभा, तूच ठरव. तू जवळ हाईस." फॉर्म समोर आला की माझा हात चालायचाच नाही. रोज म्हणायचे, उद्या सांगते.

पुण्याहून मुलीनं मला न विचारता हॉटेल बुक केलं. "आई, एक दुपार नीट झोप. नाहीतर तूच ॲडमिट होशील."

नांदेडातलं ते जुनं, नावाजलेलं हॉटेल. लहानपणी देगलूरहून एसटीनं येताना आम्ही ते खिडकीतून बघायचो, आत जायचं कधी मनातही आलं नाही. दारात फेटेवाला दरबान, पितळी कठडे, मोठं झुंबर, आणि गालिचा इतका मऊ की चपला हातात घ्याव्यात असं वाटलं. सकाळी साडेअकराला चौथ्या मजल्यावरच्या रूममध्ये गेले आणि आहे त्या साडीत आडवी झाले.

तीनला जाग आली, चहा मागवला. एक वयस्कर वेटर ट्रे घेऊन आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तबियत बरी हाय ना? डोळे लई सुजलेत." मी म्हटलं, दवाखान्यात पेशंट आहे. अर्धा कप प्याले आणि परत झोपले... हे मला स्वच्छ आठवतं.

पाचला उठले. फोन चालू होता, आवाजही चालू. एकही मिस्ड कॉल नाही. जरा बरं वाटलं. रिक्षा करून दवाखान्यात गेले तर वहिनी जिन्यातच भेटल्या. रडून लाल झालेल्या.

"कुठं गेलता ताई? तोंड धुऊन येते म्हणलात, अर्धा तास झाला!"

"मी आत्ता हॉटेलातून येतेय. अण्णा कसे आहेत?"

वहिनींनी माझा दंड धरला. "असं काय करून राहिलात? तुमचा हात धरूनच गेले की ते."

मला वाटलं, धक्क्यानं त्यांचं डोकं चालेना. पण त्या सांगत गेल्या. मी म्हणे दोनला परत आले. "वहिनी, तुम्ही जेवून या, मी बसते," म्हणाले. नंतर सिस्टरकडून फॉर्म मागून घेतला.

सिस्टरनं तो फॉर्म दाखवला. 'व्हेंटिलेटर नको.' खाली माझी सही. शेजारी वेळ, दोन चाळीस. त्यातला इंग्रजी चार वरून उघडा, मी फळ्यावर काढते तसाच.

"तुम्ही एकदम शांत होता मॅडम," सिस्टर म्हणाली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदाच झोप झाल्यासारख्या दिसत होता."

मी फॉर्म सिस्टरला परत दिला.

दुसऱ्या दिवशी बॅग आणायला हॉटेलात गेले. तेच वेटर भेटले. मी विचारलं, काल दुपारी मी बाहेर पडले होते का? "न्हाई मॅडम. तीनला मीच चहा दिला. पाचपत्तर मी त्याच मजल्यावर होतो, दार उघडलंच न्हाई." तुम्ही विचाराल, कॅमेऱ्याचं फुटेज का नाही मागितलं? नाही मागितलं. काही दिसलं असतं तरी त्याचं करायचं काय, एवढंही त्राण उरलं नव्हतं.

हे सगळं एकवेळ बाजूला ठेवता आलं असतं. पण वहिनींनी आणखी एक सांगितलं. जायच्या आधी अण्णांनी मला जवळ ओढून बराच वेळ कानात काहीतरी सांगितलं. मी मान हलवत होते. वहिनी जेवून आल्या होत्या, पण अण्णांच्या पायांशी उभ्या होत्या, त्यांना ऐकू आलं नाही.

दादा अण्णा गेल्यावर तासाभरानं पोचला होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "शोभा, अण्णा काय म्हणले गं? माझं नाव काढलं का?"

मी म्हटलं, "हो. तुझंच नाव घेत होते."

तो लहान पोरासारखा रडला, आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

वर्ष झालं. त्या कागदावर जे लिहिलं ते बरोबरच होतं, मीही शेवटी तेच लिहिलं असतं... बहुतेक. पण अण्णा काहीतरी बोलले, कुणीतरी ते ऐकून घेतलं, मान हलवून हो म्हणालं. आणि मी चौथ्या मजल्यावर झोपले होते.