यादीतलं विसावं नाव

प्यो मालक,

तुमच्याशी समोरासमोर बोलायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. बेसबॉलचा विषय निघाला की तुम्ही दुसऱ्याचं ऐकत नाही, आणि मुलीचा निघाला की भरतकामाचं यंत्र सुरू करता. त्या घरघरीवर ओरडायचं माझं वय राहिलेलं नाही, म्हणून माझ्या औषधाच्या दुकानात बसून लिहिते.

तुम्ही वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पण तुमच्याइतका हेकट माणूस अख्ख्या मासानमध्ये नसेल, आणि मासानला हेकट माणसांचा तुटवडा नाही. पुढची हकिकत तुम्हाला पाठ आहे. तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी ती सांगते. तुम्ही वाटल्यास वाचू नका.

*

प्यो दल-हो यांचं दुकान कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मासानमध्ये, बेसबॉलच्या मैदानामागच्या गल्लीत आहे. भरतकाम म्हटल्यावर फुलं-पानं डोळ्यांपुढे येतील, तसलं काही नाही. ते फक्त नावं भरतात. आधी शाळकरी पोरांच्या आणि सक्तीच्या सेवेसाठी फौजेत निघालेल्या तरुणांच्या छातीवरची भरायचे. शहराला शार्क्स हा संघ मिळाल्यापासून चाहत्यांच्या जर्सीच्या पाठीवरची. वडील बंदरावर जाळी दुरुस्त करायचे. प्यो स्वतः विशीत निर्यात कारखान्यात कॉलरी शिवत होते. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं एक जुनं यंत्र त्यांनी विकत आणलं, गल्लीत मांडलं आणि त्याच्यामागे बसले ते आजतागायत.

बायको लवकर गेली. मुलगी सोरा तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. संध्याकाळी तिला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न प्यो यांनी आपल्या पद्धतीने सोडवला: तिला मैदानात नेऊ लागले. पोरीने पाढे पाठ केले ते स्टँडमध्ये बसून, जेवली ती स्टँडमध्ये, शिव्या शिकली त्याही तिथेच. लग्न केलं तेही शार्क्सच्याच एका खेळाडूशी. शिम इन-ग्यू, राखीव कॅचर, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू मागे बसून झेलणारा, मासानचाच मुलगा. मुख्य कॅचरला विश्रांती असेल त्या दिवशी खेळायचा, एरवी बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायचा. गल्लीला वाटलं, आता प्यो मालकांच्या तोंडाला जरा लगाम बसेल. घरचाच माणूस संघात आहे म्हटल्यावर संघाला नावं कशी ठेवणार? प्यो यांनी लग्नाच्या जेवणातच जावयाला ऐकवलं, "बाहेर जाणाऱ्या चेंडूवर बॅट घालू नकोस. आज शुभ दिवस आहे म्हणून एवढंच बोलतो."

जावई हसला. तो हसतोच. त्याचा स्वभावच तसा.

गिऱ्हाइकं यायची ती जर्सी पुढे टाकून विचारायची, "मालक, कुणाचं नाव भरून घेऊ? म्हणजे पुढच्या वर्षीही इथेच राहील असं कोण आहे?"

"मैदानाचा रखवालदार," प्यो सांगायचे.

चेष्टेतली गोष्ट खरीच होती. ज्याचं नाव पाठीवर भरावं तो खेळाडू दुसऱ्या संघात जायचा, असा शार्क्सचा लौकिक. भरण्याइतकंच उसवण्याचं काम दुकानात यायचं. उसवलेल्या नावाची भोकं कापडावर तशीच दिसत राहतात. कितीही वाफ द्या, जात नाहीत.

हिवाळ्यात मैदान बंद झालं की दुकानातली रॉकेलची शेगडी पेटायची आणि खरा मोसम सुरू व्हायचा. शेगडीवर रताळी, बाजूला ठरलेली तीन माणसं: प्यो मालक, टॅक्सीवाला मो, आणि तिखटजाळ आगू माशाची खानावळ चालवणाऱ्या गिल बाई. कुणाला विकावं, कुणाला घ्यावं, खालच्या संघातल्या कोणत्या पोराला वर आणावं, हे शार्क्सच्या कचेरीच्या आधी इथे ठरायचं. कचेरी ऐकायची नाही, एवढाच काय तो फरक.

"तो डावरा पिचर देऊन टाका," मो म्हणायचा, "आणि फाल्कन्सकडून तिसऱ्या बेसचा माणूस घ्या."

"डावरा द्या? कोवळ्या पोराला? त्यापेक्षा तुझी टॅक्सी दे."

"माझी टॅक्सी कोण घेणार?"

"तेच तर! आपलं कुणाला नको ते ठेवायचं आणि सगळ्यांना हवं ते विकायचं. शार्क्सच्या कचेरीत जाऊन बस तू. शोभशील."

"आणि तुम्ही दोघं मैदानावर उभे राहा," गिल बाई म्हणायच्या. "चेंडू येताना दिसला की आधी कोण पळतं, ते बघायला मी तिकीट काढून येईन."

शार्क्सचं दुखणं जुनं होतं. पहिल्या बेसवर उभा राहील आणि गरजेला चेंडू थेट प्रेक्षकांत धाडून होमरन मारील, असा एक माणूस म्हणून त्यांना मिळत नव्हता. परदेशातून आणला तो दुखरा गुडघा घेऊन आला. गावचा वर चढवला तो पावसाळ्याआधीच खाली उतरला. पिचर जिवाचं रान करायचे आणि आपले लोक एक धाव काढायची तर बॅट खांद्यावर घेऊन पुतळ्यासारखे उभे. गेल्या मोसमात संघ तळाला गेला तेव्हा चाहत्यांचा संयम सुटला. वर्गणी काढून व्हिडिओचा पडदा लावलेला एक ट्रक भाड्याने घेतला आणि सोलला, संघाच्या मालकांच्या कचेरीभोवती दिवसभर फिरवला. ट्रकच्या दोन्ही अंगांना कापडी फलक होते, ते प्यो यांनी भरून दिले: 'पहिला बेस रिकामा, मालकांची खुर्ची भरलेली.' स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेले. परत आले ते घसा बसवून आणि भलतेच खूश होऊन.

आणि आश्चर्य म्हणजे संघाने ऐकलं. फाल्कन्सचा करार संपलेला सॉक थे-उंग, देशातला सगळ्यात दांडगा होमरनवाला, शार्क्सने उचलला. गिल बाईंनी त्या दिवशी गल्लीला फुकट जेवू घातलं. प्यो यांचं यंत्र सॉकचं नाव भरून भरून तापलं.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. आनंदात कुणाला आठवला नव्हता. दुसऱ्याचा असा मोठा खेळाडू घेतला की त्या संघाला पैशांवर एक माणूसही द्यावा लागतो. आपण वीस नावं राखून ठेवायची, उरलेल्यांतून त्यांनी एक उचलायचा. ही राखीव यादी कधीच जाहीर होत नाही. म्हणूनच तर देशभरातला प्रत्येक चाहता स्वतःची करत बसतो.

शेगडीभोवतीही यादी सुरू झाली. तिचा कायदा प्यो यांनीच फार पूर्वी घालून दिलेला: यादीत भावना आणायची नाही.

पहिली पंधरा-सोळा नावं भांडणाशिवाय झाली. डावऱ्या पिचरवर गाडी अडली.

"त्याला राखायचं कशाला?" प्यो म्हणाले. "पोरगा जानेवारीत फौजेत चाललाय. दीड वर्ष चेंडूला हात लागणार नाही. असल्याला फाल्कन्स उचलतील कशाला? एक जागा वाचवा."

"डोकं आहे मालकांना," मो म्हणाला. गिल बाईंनीही मान डोलावली.

शेवटी एक जागा उरली आणि दोन नावं: म्हातारा झालेला पिचर कू, आणि शिम इन-ग्यू.

प्यो यांनी रताळी उलटली. ती नुकतीच उलटून झाली होती. इन-ग्यूला नेलं तर सोराही जाणार हे त्यांना कळत होतं. नात दाओनही जाणार. फाल्कन्स इंचॉनचे, म्हणजे देशाचं दुसरं टोक. रोज संध्याकाळी दुकानात येऊन धाग्याच्या रिळांचे मनोरे रचणारी ती पोरगी वर्षातून दोन सणांना दिसणार. आणि त्यांना हेही कळत होतं की जावयाची बॅट दहातल्या आठ वेळा हवाच मारते.

"कू," ते म्हणाले.

"अहो, जावई आहे तुमचा!" गिल बाई ओरडल्या.

"जावई घरी. इथे राखीव कॅचर."

मोने तेवढ्यात फोन काढून चाहत्यांच्या ऑनलाइन फलकावर टाकलंसुद्धा: 'शिमला खुद्द सासऱ्यानेच वगळलं.' संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे फिरलं. लोकांनी वाहवा केली. खरा चाहता म्हणजे असा, वगैरे. आणि खरं सांगायचं तर प्यो मालकांना ते गोड लागलं. वाहवा वाचून दाखवायला लावली त्यांनी मोला. पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोरा दुकानात आली. पोरीला घेऊन आली नव्हती.

"अप्पा, तुम्ही त्याला काढलंत?"

"काढलं नाही. राखलं नाही."

"त्यात फरक काय?"

"त्याची बॅट बघ ना, सोरा..."

"मला बॅट सांगू नका. ती तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, माझ्या दारामागे उभी असते."

"हे बघ, माझ्या यादीला विचारतो कोण? मी ठेवला असता तर क्लब काय माझं ऐकणार होता?"

"नाही ना ऐकणार? कुणीच विचारत नाही ना?" सोरा म्हणाली. "मग एक नाव घालायला तुमचं काय जात होतं?"

यावर हा माणूस नेहमी जे करतो तेच त्यांनी केलं. "यादी म्हणजे यादी," म्हणाले आणि यंत्र सुरू केलं.

दुपारी इन-ग्यूचा फोन आला. "बाबा, मनाला लावून घेऊ नका. मीही कूदादांनाच ठेवलं असतं." प्यो यांना जावयाचा इतका राग कधी आला नव्हता.

निकाल लागेपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले, ते गल्लीने पाहिलं. एका गिऱ्हाइकाच्या जर्सीवर नाव उलटं भरलं. रताळी करपवली. मोचा फोन वाजला की हातातलं काम टाकून उठायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपली यादी चुकावी असं वाटत होतं, आणि ते त्यांना स्वतःशीही कबूल करवत नव्हतं.

फाल्कन्सने उचलला तो डावरा पिचर.

गल्लीत हाहाकार उडाला. फौजेत निघालेला पोरगा! दीड वर्ष वाट बघायची तयारी ठेवून त्यांनी आपला सगळ्यात चांगला हात नेला! मो कपाळ बडवत होता, गिल बाई शार्क्सच्या कचेरीच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. एकटे प्यो खुर्चीत मागे रेलून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कधी नव्हे ते, हसू होतं.

फोन वाजला. सोरा होती. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. आवाज एवढा मोठा की दुकानभर ऐकू येत होता.

"अप्पा, ऐकलंत? आम्ही इथेच! क्लबने राखलं त्याला! तुम्ही नाही राखलंत, पण क्लबने राखलं!"

आता इथे कुठल्याही बापाने काय म्हणावं? बरं झालं म्हणावं. पोरीला घेऊन जेवायला या म्हणावं. काहीही न म्हणता नुसतं नाक ओढलं असतं तरी चाललं असतं.

"राखलं कशावरून?" प्यो म्हणाले. "यादी कुठे जाहीर झालीय? राखलं नसेलही. फाल्कन्सना नको असेल."

मोने डोळे मिटून घेतले. गिल बाई फोन हिसकावायला धावल्या, तोवर पलीकडून बंद झाला होता.

"अहो, काय बोललात हे?" गिल बाई म्हणाल्या.

"खोटं काय बोललो?"

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. क्लबने राखलं की फाल्कन्सने नाकारलं, हे कुणालाच कधी कळणार नाही, इन-ग्यूलासुद्धा नाही. पण ज्या एका गोष्टीवर सोरा निर्धास्त झोपू शकली असती, तिच्यावर बापाने नेमकं बोट ठेवलं. तेही गरज नसताना. केवळ मुद्दा बरोबर होता म्हणून.

सोरा गेली नाही. याच शहरात आहे, खाडीच्या बाजूला, बसने थोडक्या अंतरावर. पण दुकानात येत नाही. सामन्याला येते ती समोरच्या स्टँडमध्ये बसते. प्यो दुर्बीण घेऊन जातात, खेळ बघायला म्हणे. सॉक थे-उंगची एप्रिलमध्येच पाठ धरली आणि पहिला बेस पुन्हा होता तसाच झाला. त्यावर प्यो रोज बोलतात. बाकी कशावर बोलत नाहीत.

*

मे महिन्यात, मुलांच्या सणाआधी, तुम्ही माझ्याकडे आलात, मालक. दाओनच्या मापाची जर्सी होती, पाठीवर 'शिम'. इतकं बारीक भरलेलं मी तुमच्या हातचं पाहिलेलं नाही.

"औषधवाल्या बाई," म्हणालात, "सोरा पोरीच्या खोकल्याचं औषध तुमच्याकडूनच नेते. आली की द्या. माझं नाव सांगू नका."

"मासानमध्ये दुसरं कोण असं भरतं? तिला काय डोळे नाहीत?"

"तरी सांगू नका."

सोरा आली. मी जर्सी पुढे ठेवली. तिने हात लावला नाही, नुसतं नाव वाचलं. मग विचारलं, "अप्पांनी काही निरोप दिलाय?"

"नाही."

"मग निरोप आला की दोन्ही द्या," म्हणाली आणि औषध घेऊन गेली.

मी त्याच पावली तुमच्याकडे आले. एक वाक्य द्या म्हटलं. कसलंही. मी पोचवते.

"निरोप काय द्यायचा? नाव भरलंय की," तुम्ही म्हणालात. मग यंत्राकडे हात गेला, थांबला. "बरं. उद्या सांगतो."

जर्सी अजून माझ्या काउंटरखाली आहे. सोरा त्यानंतर दोनदा येऊन गेली.