पुसलेली टेप

दोन हजार चार-पाचच्या सुमारास लंडनमध्ये एजवेअरला आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी जपानी बाई राहायची. घराघरांतले आवाज ती टेप करायची, लोकांना एकदाच ऐकवायची आणि मग टेप पुसून टाकायची. ही म्हणे तिची कला! आमचा कुकर लागला की मायक्रोफोन घेऊन ती दारात हजर. मी वैतागायचो. पुण्याहून आलेली आई मात्र तिला ओट्याजवळ स्टूल द्यायची आणि तिच्याशी खुशाल मराठीत बोलत बसायची. मी हॉलमधून, लॅपटॉपवरून मान न उचलता ओरडायचो, "आई, जेवायला किती वेळ?"

"अरे हळू! तिचं रेकॉर्डिंग चाललंय."

आई परत गेली आणि त्याच वर्षी वारली. मी वर जाऊन आईच्या आवाजाची टेप मागितली.

"पुसली," बाई म्हणाली. "ऐकून झाली ना."

"अहो, पण मी कुठे ऐकली?"

ती गोंधळली. "तुम्ही तर शेजारच्याच खोलीत होतात."

तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही. कुकर लावला की मी ते स्टूल ओढून बसतो आणि सगळ्या शिट्ट्या होईपर्यंत चिडत राहतो.