सरुबाईच्या म्हशी आणि पाणलावा

तापीकाठच्या त्या गावात सरुबाईला सगळे म्हशीवाली म्हणत, आणि तिला त्याचा अभिमानच होता. नवरा निंबा, त्याचा जीव केळीच्या बागेत. हिचा पाच म्हशींत. ऊन तापलं की ती म्हशी गावतळ्यावर न्यायची. म्हशी चिखलात लोळायच्या, आणि ही बाभळीखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घ्यायची.

मग तळ्याला तारेचं कुंपण पडलं. तळ्याच्या काठाला पाणलावा राहायचा. मोठा लाजाळू पक्षी. चाहूल लागली की गवतात जागच्या जागी थिजायचा. तो कमी होत चालला म्हणून सरपंच गिरधरभाऊंनी म्हशींना बंदी केली आणि तशी पाटीही लावली. सरुबाई बोअरच्या पाण्यावर म्हशी धुऊ लागली, आणि गिरधरभाऊ दिसले की टोमणे मारू लागली.

दोन वर्षांनी बऱ्हाणपुरातून हिमानी आली. ती कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीत पक्षी मोजायची. तीन दिवस तळ्याभोवती फिरली आणि शेवटी सरुबाईच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकली.

"मावशी, एक भी नाही दिसला. इतकं जपलं, तरी गेला कुठे?"

"जाईल नाही तर काय करील? त्याले चिखल लागते, बाई. आता आत चिखल आहे कुठं? नुसती पाणकणसं माजली. माझ्या म्हशी ती खायच्या, तुडवायच्या, मधी मधी मोकळं राहायचं. त्यांचे पाय रुतले की त्या खड्ड्यांत किडे. तिथंच तो चोच घालायचा."

हिमानीने पेला खाली ठेवला आणि वही काढली. "फिर से सांगा, मावशी. हळूहळू."

दोघींनी हे पंचायतीत मांडलं, तेव्हा गिरधरभाऊ म्हणाले, "पक्षी वाचवायला म्हशी सोडायच्या? लोक हसतील ना!"

"हसू द्या," सरुबाई म्हणाली. "दोन वर्षांत तुमची पाटी वाचायला एक तरी पाणलावा आला का?"

सगळी पंचायत हसली, गिरधरभाऊसुद्धा. ठरलं असं: निम्मी पाणकणसं कापायची, हिवाळा-उन्हाळा म्हशी आत, आणि पावसाळ्यात अंडी घालायच्या दिवसांत सगळ्यांना बंदी. फाटक उघडलं त्या दिवशी चांदरी म्हैस अशी सुटली की पाटीसकट पाण्यात गेली.

पहिला पावसाळा कोरडाच गेला. म्हणजे पाऊस पडला, पाणलावा नाही. लोकांनी सरुबाईची खूप चेष्टा केली. दुसऱ्या वर्षी भादव्यात, दिवेलागणीला, तळ्याकडून रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखा आवाज आला. सरुबाईने भाकरी तव्यावर सोडून हिमानीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दोघी कुंपणाबाहेर दबून बसल्या. दुर्बिणीत एक फिकट रंगाचा पक्षी दिसला, मागे चार पिल्लं.

"ही आई ना?" सरुबाई कुजबुजली.

"नाही मावशी, बाप आहे. ह्यांच्यात अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं, सब कुछ बापच करतो. रंगीत असते ती मादी. ती अंडी घालून मोकळी."

सरुबाईने तोंडावर पदर दाबला, तरी हसू फुटलंच. घरी येऊन तिने निंबाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. कालची करपलेली भाकरी खाता खाता निंबा म्हणाला, "चांगलं आहे. पण हे गावात कोणाले सांगू नको."

तिने सकाळपर्यंत अख्ख्या गावाला सांगितलं.

यंदा हिमानीने अकरा पाणलावे मोजले. परवा धूलकोटकडून काही माणसं आली होती, त्यांच्या तळ्यावर काय करावं हे विचारायला. गिरधरभाऊ त्यांना थेट सरुबाईकडे घेऊन आले. तिने त्यांना चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "तळं मी येऊन बघते. पण आधी सांगा, म्हशी किती आहेत तुमच्याकडे?"