सरांच्या क्लबची स्मरणिका

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. क्रिकेटसुद्धा मी भारत जिंकत असेल तरच बघते. तरीही एका इंग्लिश गावातल्या फुटबॉल क्लबचा इतिहास नीटनेटका करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि ते मी आपणहून ओढवून घेतलं होतं.

दुबईतल्या ज्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी सेक्रेटरी आहे, तिथले माझे सर इंग्लिश. साठीला टेकलेले, मोजकं बोलणारे. त्यांच्या गावच्या क्लबला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त पुस्तिका काढायचं त्यांनी कबूल केलं होतं. क्लबच्या कुणा जुन्या चिटणीसाने टाइप केलेला कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "हे कोणी सुधारून देईल का?" मी पटकन म्हटलं, "सर, मी देते. आमच्या मंडळाची स्मरणिका दर वर्षी मीच काढते." यात काही खोटं नव्हतं. दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये गणेशोत्सवात तिचं प्रकाशन होतं, पाहुणे रिबन सोडतात, आणि नंतर ती कोणीही वाचत नाही.

शारजाला, अल मजाजच्या घरी गठ्ठा सोडला आणि डोकं गरगरायला लागलं. हा क्लब म्हणे नॉन-लीग, पण खेळतो लीगमध्येच. मुलीला विचारलं. तिने फोनमधून मान वर न काढता सांगितलं, "आई, इट्स द लीग्ज बिलो द रियल लीग्ज. नोबडी इव्हन वॉचेस देम." मग इतिहास कशाचा लिहिलाय? क्लबचं नाव तीनदा बदललेलं. मैदान विकलं, तिथे सुपरमार्केट झालं. मग शेजारच्या गावाचं मैदान भाड्याने घेतलं. मध्येच क्लब चक्क बंद पडला आणि दोन वर्षांनी काही माणसांनी पबमध्ये बसून पुन्हा सुरू केला. नाव वेगळं, मैदान वेगळं, खेळाडू वेगळे, जर्सीचा रंगसुद्धा वेगळा, आणि क्लब मात्र तोच!

मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "बंद होता ती दोन वर्षंही पंच्याहत्तरात धरायची?"

"अर्थात," ते म्हणाले. "ती दोन वर्षं आम्ही वाट बघत होतो."

मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

त्याहून गोंधळात टाकलं ते पराभवांनी. पानागणिक हार. अमक्याकडून हरलो, तमक्याकडून हरलो, खालच्या लीगमध्ये गेलो, तिथेही शेवटून दुसरे आलो. असं कोणी छापतं का? आमच्या स्मरणिकेत सगळी 'यशस्वी वाटचाल' असते. एका वर्षी मंडळात दोन गट पडून खुर्च्या फेकाफेकीपर्यंत मजल गेली होती. त्या वर्षाबद्दल आम्ही 'काही अपरिहार्य कारणांमुळे कार्यक्रम होऊ शकला नाही' इतकंच छापलं होतं. त्याच हिशोबाने मी कात्री चालवली. दोन कप मिळाले होते, ते ठळक केले. हारी जमतील तितक्या उडवल्या.

एका पानाशी मात्र थबकले. परगावचा सामना, चिखल, धुकं. क्लब अकरा-शून्यने हरला होता. गोलकीपर आलाच नव्हता, म्हणून संघाचे कपडे धुणारा माणूस बदली म्हणून गोलमध्ये उभा राहिला, असं लिहिलं होतं. चिटणीसाने त्याचं नाव दिलं नव्हतं. सरांनी पेन्सिलीने समासात ते लिहिलं होतं, आणि आडनाव सरांचंच होतं. म्हणजे वडील! बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं, पण आपण कशाला चारचौघांत त्यांच्या वडिलांची शोभा करायची? मी अख्खं पान काढून टाकलं. सरांची अब्रू राखल्याचं मला समाधान वाटलं.

सर तेव्हा एका साइटच्या हँडओव्हरमध्ये बुडाले होते. प्रूफ न बघताच म्हणाले, तुम्ही केलंय म्हणजे ठीकच असेल. छापायला आमच्या मंडळाचाच शारजाचा प्रिंटर होता, मल्याळी. गुरुवारी त्याचा फोन आला, "मॅडम, खलास, बॉक्स रेडी है." शुक्रवारी सर त्या पुस्तिका घेऊन विमानात बसणार होते.

मी खोका उघडून पहिली प्रत त्यांच्या हातात दिली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. त्यांनी पुस्तिका शेवटपर्यंत चाळली. मग परत पहिल्यापासून, या वेळी हळू.

"माझे वडील कुठे आहेत?"

मी चाचरत म्हटलं, "सर, ती मॅच... बरं दिसलं नसतं. रिस्पेक्ट म्हणून मी काढली."

त्यांनी शेवटचं पान उघडलं. तिथे सवयीने मी आपलं नेहमीचं आभारवाक्य इंग्रजीत घातलं होतं, अनवधानाने ज्यांची नावं राहून गेली अशा ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ते यांच्यात आहेत का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गोंधळ जाईना. मला वाटलं, या लोकांना हरण्याचाही अभिमान असेल. म्हणून विचारलं, "त्यांना त्या मॅचचा अभिमान होता का?"

"छे. लाज वाटायची. घरात तो विषय निघाला की उठून जायचे."

"मग?"

"संघ अपुरा म्हणून आधी दोन सामने सोडून दिले होते. तिसरा सोडला असता तर क्लबला लीगमधून काढलं असतं. ते उभे राहिले म्हणून आजची पंच्याहत्तरी. तीस वर्षं त्यांनी कपडे धुतले, पण त्याची नोंद कोण करतो? या इतिहासात ते त्या एकाच दिवशी येतात."

आता हातात एकच उपाय होता. शुद्धिपत्र. मी संगणकापाशी बसले, प्रत्येक प्रतीत घालायची चिठ्ठी टाइप केली आणि त्यांना दाखवली. सामना, गाव, वडिलांचं पूर्ण नाव, सगळं होतं. फक्त निकाल मी 'मोठ्या फरकाने पराभव' असा लिहिला होता. हात काही केल्या वळेना.

"अकरा लिहा," सर म्हणाले.

"सर, आकडा कशाला..."

"अकरा वेळा त्यांनी जाळ्यातून बॉल काढला आणि पुढे दिला. पाचव्या गोलनंतर निघून जाता आलं असतं. आठव्यानंतरही. आकडाच काढलात, तर त्यांनी केलं काय ते कसं कळणार?"

मी त्यांच्याकडे न बघता अकरा लिहिलं.