शिवरामच्या रेघा

"ही फळी माझी नाय."

"मंग काय माझी हाय? तुज्याच हाताखाली तर हाय, दादा. वास घेऊन बग."

"वास घेतला. साग आहे. पण काल संध्याकाळी मी हिच्यावर रेघा मारून गेलो, पोपट. आज बोट फिरवतोय तर सगळं गुळगुळीत. रेघा काय रिक्षा करून गेल्या?"

"मना काय ठावं! मी पॉलिशवाला मानूस. तुजी फली घेऊन मी काय चाटू?"

"गाळ्याची दुसरी चावी कोणाकडे आहे?"

"माज्याकडं हाय. मंग? चावी हाय म्हनून चोर झालो काय? माज्या नावावर बिल फाडू नको हां, आधीच सांगून ठेवतो!"

कामोठ्याच्या त्या गाळ्यात अर्धी जागा पोपटची, अर्धी शिवरामची. मध्ये भिंत नाही, प्लायवुडच्या शीट उभ्या केल्यात तेवढंच. पोपट इथल्याच जुन्या गावातला. शिवराम महाडकडचा, आता राहायला खांदेश्वरला. इतकी वर्षं दोघांत साधी कुरबूर नव्हती, आणि त्या दिवशी पोपटने पॉलिशचा बोळा आपटला तो थेट ड्रमवर.

शिवरामची नजर काचबिंदूने गेली. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचंही. तोवर तो फर्निचरवाल्यांकडे सुतारकाम करायचा. कंत्राटदाराने प्रेमाने सांगितलं, "शिवराम, आता घरी आराम कर." शिवराम घरी बसला, आणि काही दिवसांतच घरातलं प्रत्येक स्टूल उलटं करून त्याचे सांधे चाचपायला लागला. शेवटी बायकोच म्हणाली, "गाळा घ्या बाई एखादा. माझं पोळपाट तरी सोडा."

पेन्सिल त्याने टाकून दिली. पेन्सिलची रेघ बोटाला लागत नाही. तो काटकोनाचा गुण्या धरतो आणि चाकूच्या टोकाने लाकडावर बारीक चर ओढतो. चर बोटाला सापडतो, त्याच चरात पटाशीची धार बसवायची, हातोडी मारायची. करवतही तिथूनच सुरू. रेघ गेली की सगळंच गेलं.

आणि आता रेघ जात होती. तेही विहाराच्या कामात. कामोठ्यातल्या विहारात नवी बुद्धमूर्ती बसणार होती, तिच्याखालचा चौरंग शिवरामकडे आला होता. विहाराचे भगवानराव लाकूड बघायला दुसऱ्या दिवशी येणार होते. काम देताना त्यांनी स्पष्टच विचारलं होतं, "राग मानू नका, पण लोक बोलतात, तुमच्या नावावर काम दुसराच कोण तरी करतो. खरं काय?"

शिवराम हसला होता. "साहेब, आंधळ्याचं काम म्हणून घेऊ नका. माझं काम म्हणून घ्या. नसेल जमलं तर परत करा."

त्यामुळे गुळगुळीत फळीवर बोट फिरवताना शिवराम बिथरला, तो फळी गेली म्हणून नव्हे. कोण तरी आपल्या कामात हात घालतंय, हे कळल्यामुळे. कोण? पोपट? फळी बदलून हलका माल ठेवतो? की पोपटच तो 'दुसरा कोण तरी'? आपण घरी गेल्यावर हा आपले सांधे नीट करतो आणि मग बाहेर बोंब मारतो?

दिवसभर शिवराम कान लावून बसला. पोपट खोकला, तरी संशय. पोपटने शीळ घातली, त्याचा जास्तच संशय. दुपारी पोपटने चहा पुढे केला, तर याने आधी हुंगला.

"थिनर नाय घातला त्यात," पोपट म्हणाला. "पी गुमान."

संध्याकाळी शिवरामने पुन्हा रेघा ओढल्या. मुद्दाम खोल. पोपट निघून गेला. रोजच्यासारखी त्याची बायको चांगुणाबाई झाडायला थांबली. शिवरामने पुढे जाऊन रिक्षा स्टँडवर उभं राहायचं, तिने झाडलोट करून, बाबासाहेबांच्या फोटोवरचा हार काढून, शटर ओढून मागून यायचं, ही त्यांची रीत. शिवराम निघाला, कोपऱ्यापर्यंत काठी टेकत गेला, आणि तिथून काठी उचलून धरून, भिंतीला हात लावत परत आला. पोपट परतला तर इथेच पकडायचा.

शटर अर्धं खाली होतं. आत झाडूचा आवाज नव्हता. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग काही तरी कालवल्याचा. मग पत्र्याची पट्टी लाकडावर खरवडत गेली, एकदा, दोनदा. आणि वास आला, सरसाचा. भुशात सरस कालवून भेगा बुजवायची लांबी करतात, तिचा.

तो वाकून आत शिरला, सरळ कामाच्या ओट्यापाशी गेला आणि मनगट पकडलं. हाताला बांगड्या लागल्या.

"अगं, तू?"

"सोडा. दुखतंय."

चांगुणाबाईला त्याने धरलंच नव्हतं हिशेबात. घरचं माणूस कोण धरतं?

"काय करतेस?"

"ओरखडे भरतेय. उद्या भगवानराव येणार. फळीभर ओरखडे बघितले तर काय म्हणतील?"

"ओरखडे?" शिवरामचा आवाज चढला. "चांगुणे, ती आखणी आहे माझी! तिच्यावर तर मी कापतो!"

"मला काय माहीत! मला वाटलं, हात सुटतो तुमचा." तिचा आवाज बारीक झाला. "तुमी पेन्सिलने आखायचात तेवढंच मी बघितलेलं. एरवी मी काम झाल्यावर भरते. या वेळी माल बघायला येणार, म्हणून आधीच भरलं."

शिवरामला हसू फुटलं. खरंच फुटलं. पोपटची उद्या माफी मागावी लागेल, हेही त्याच्या मनात आलं. आणि मग तो हसायचा थांबला.

"एरवी?"

ती पट्टी पुसायला लागली.

"एरवी म्हणजे कधीपासून? त्या सानपाड्याला दिलेल्या कपाटाला पण?"

"थोडंसं."

"नुसत्या रेघा भरल्यास?"

डब्याचं झाकण लागलं.

"चांगुणे, मी विचारतोय. नुसत्या रेघा भरल्यास, की सांधे पण? माझे सांधे बसत होते की नाय? कोणाला बोलावत होतीस का? खरं सांग. उद्या तो माणूस विचारेल, काम तुमचं का म्हणून. मी काय सांगू त्याला?"

तिने पदराला हात पुसले, डबा पिशवीत टाकला, आणि शटरखालून वाकून ती बाहेर निघून गेली.